आज काय निघाले?

"मास्तर, आज तुमच्या पोथीत काय निघालं?"

दिवेलागणीला कंदिलाच्या काचा पुसून झाल्या, की शेजारचे आबा आपल्या ओट्यावरून आमच्या बाबांना हा प्रश्न विचारीत. आबा वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, हातात एकनाथी भागवत. आमचे बाबा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर आणि आख्ख्या करकंबात आमचे एकट्याचे ख्रिस्ती घर. दोघांच्या ओट्यांमध्ये एक हात उंचीची भिंत होती. ती ओलांडून रोज संध्याकाळी हा प्रश्न येई आणि बाबांचे उत्तर जाई. त्या दोघांना त्यात काही विशेष वाटत नसे. मला आज सत्तरी उलटल्यावर त्यातले विशेष कळू लागले आहे. ते कसे कळले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

करकंब हे पंढरपूर तालुक्यातले मोठे गाव. पंढरपुराहून उत्तरेला टेंभुर्णीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर. आषाढात त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची आणि पैठणची नाथांची पालखी याच गावावरून पंढरीला जाते. सावता माळ्यांचे अरणही फार दूर नाही. तेव्हा 'पोथी' आणि 'नेम' हे शब्द आमच्या कानांवर मंदिराइतकेच शेतातून आणि विहिरीवरूनही पडत. आमचे चर्च सोलापूरला. तिथवर जाणे महिना-दोन महिन्यांतून एखाद्या वेळीच व्हायचे. म्हणून आमचे चर्च म्हणजे माजघरातला कंदील, त्याच्याभोवती आम्ही चौघे आणि बाबांच्या मांडीवर काळ्या पुठ्ठ्याचे पवित्र शास्त्र.

बाबांचा नेम ठरलेला. सहा दिवस रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच. सगळ्या शास्त्राचे अध्याय १,१८९. या हिशेबाने एक जानेवारीला आरंभ केला, की वर्ष संपता संपता ग्रंथ पुरा होतो. पुन्हा एक जानेवारीला पहिले पान. यात आवडी-निवडीला जागा नाही. उत्पत्तीच्या गोष्टी आल्या की आम्ही भावंडे खूष असू. लेवीय नावाच्या पुस्तकातले यज्ञ-अर्पणांचे नियम लागले की पेंगू लागू. एकदा धाकट्याने विचारले, "बाबा, हे पान गाळलं तर?" बाबा म्हणाले, "गाळायचं पान आपण ठरवायचं, तर मग पुस्तक कशाला उघडायचं?"

आबांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते हसले. म्हणाले, "खरं हाय मास्तरांचं. ज्याला जे आवडतं तेच त्यानं वाचलं, तर ती त्याचीच पोथी झाली. नाथांची कुठं राहिली?"

०

१९६२ सालच्या जानेवारीची अखेर. २६ जानेवारीच्या खाऊसाठी शाळेत मुलांकडून वर्गणी जमवली होती. उरलेले पैसे बाबांनी खडूच्या डब्यात ठेवले होते. सोमवारी मोजले, तर एक रुपया पंचाहत्तर नये पैसे कमी. आदल्या वेळी वर्ग झाडायला एक मुलगा मागे राहिला होता. मजुराचे पोर, अंगावर थोरल्या भावाचा सदरा. बाबांनी त्याला उभे केले. "बोल, पैसे कुठं ठेवलेस?" पोर काही बोलले नाही. बाबांनी साऱ्या वर्गादेखत त्याच्या थोबाडीत दिली. मी त्याच वर्गात होते. तो आवाज मला अजून आठवतो. मुलगा रडला नाही. पाटी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई बाबांचा कोट झटकत होती. खिशाचा तळ फाटलेला होता आणि अस्तरात काहीतरी खुळखुळले. तिने बोटे घालून पैसे बाहेर काढले. एक रुपया पंचाहत्तर नये पैसे. ते बाबांनी शुक्रवारी गर्दीत स्वतःच खिशात टाकले होते आणि साफ विसरून गेले होते.

आईने ते पैसे काही न बोलता त्यांच्यापुढे ठेवले. बाबाही काही बोलले नाहीत. कंदील लागला. वाचन सुरू झाले. नेमात लेवीयचा सहावा अध्याय आलेला. तेच कंटाळवाणे पुस्तक! आम्ही पेंगण्याच्या तयारीत. पण त्या अध्यायाच्या आरंभालाच एक गोष्ट आहे. कुणी दुसऱ्याचे काही हिरावले असेल, तर त्याने ते पुरते परत करावे, वर त्याचा पाचवा हिस्सा भरावा आणि मग देवापुढे दोषार्पण घेऊन यावे, असा तो नियम आहे. आधी माणसाचे देणे, मग देवाचे.

बाबांचा आवाज तिथे थांबला. आम्हांला वाटले, अक्षर लागत नसेल. त्यांनी शास्त्र मिटले. नेमात खंड पडलेला मी पाहिला तो तेवढा एकदाच. टोपी घातली आणि मला म्हणाले, "कंदील घे."

गावाच्या कडेला त्या मुलाची झोपडी. मास्तरांना दारात पाहून त्याची आई घाबरली. मुलाने आणखी काही केले, असेच तिला वाटले असावे. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, चूक माझी झाली. पैसे माझ्याच खिशात होते. तुमच्या मुलावर मी हात टाकला." ती माउली काय बोलणार? ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "असू द्या मास्तर, असू द्या." मुलगा तिच्या मागून बघत होता. माझ्या हातातला कंदील हलत होता आणि बाबांची सावली भिंतीवर लहान-मोठी होत होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी बाबांनी सगळ्या शाळेपुढे तेच सांगितले. घरी आल्यावर आई म्हणाली, "झालं ना आता?" बाबा म्हणाले, "पैशांचा पाचवा हिस्सा काढणं सोपं आहे. पस्तीस नये पैसे. पण थोबाडीत दिली तिचा पाचवा हिस्सा किती धरायचा?" ते उत्तर त्यांनी आपल्या परीने शोधले. त्या दिवसापासून चौथीच्या परीक्षेपर्यंत तो मुलगा रोज संध्याकाळी आमच्या कंदिलाशी अभ्यासाला बसू लागला. पुढे तो एस.टी.त कंडक्टर झाला. त्याच्या गाडीत तो बाबांचे तिकीट फाडायला तयार नसे आणि बाबा तिकीट घेतल्याशिवाय बसायला तयार नसत!

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आबांनी विचारलेच, "मास्तर, काल पोथी अर्ध्यात ठेवून कुठं गेलता? काय निघालं होतं?"

बाबा म्हणाले, "काल माझंच नाव निघालं, आबा."

०

लग्न होऊन मी पुण्याला आले. शास्त्र वाचायचे मी सोडले नाही, पण नेम कधी सुटला ते मला कळले नाही. नोकरी, मुले, सकाळची धावपळ. शेवटी उशाशी शास्त्र राहिले आणि त्यातली माझी आठ-दहा ठरलेली पाने. मन खिन्न असले की तेविसावे स्तोत्र, कुणी आजारी पडले की एक्क्याण्णवावे, प्रवासाला निघताना एकशे एकविसावे. स्तोत्रे आहेत १५०. मी त्यांतली पाच-सहा झिजवली आणि बाकीची कोरी ठेवली. त्या पानांचे कोपरे माझ्या बोटांनी काळे पडले. पण त्या सगळ्या वर्षांत त्या शास्त्राने मला एकदाही अडवले नाही. अडवणार तरी कसे? जे पान अडवील ते मी उघडतच नव्हते.

नेमाने वाचण्याची ही रीत ख्रिस्ती जगात मोठी जुनी आहे. स्कॉटलंडातल्या डंडी गावच्या मॅकशेन नावाच्या तरुण पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचे कोष्टक छापले. त्यात जुना करार वर्षातून एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. ते कोष्टक आजही वापरात आहे. त्याहून जुनी गोष्ट जर्मनीतल्या हेर्नहूट या गावाची. तिथल्या मोरावियन मंडळीने १७३१ सालापासून रोजच्या वचनाची छोटी वही छापायला सुरुवात केली. त्या वहीतली जुन्या करारातली वचने कुणी विद्वान निवडीत नाही. ती चिठ्ठ्या टाकून काढली जातात. पुढल्या वर्षीच्या अमुक तारखेला कुठले वचन, ते आधीच ठरून जाते. त्या तारखेला तुमच्या घरी लग्न असो की भांडण, वचन बदलत नाही.

कुणी म्हणेल, मग डोळे मिटून कुठलेही पान उघडावे आणि शकुन पाहावा, तसेच हे झाले. बाबांना तो प्रकार अजिबात खपत नसे. ते म्हणत, शकुन पाहणारा मनासारखे निघेपर्यंत पाने उघडीत राहतो. नेमाने वाचणाऱ्याला ती सोय नाही. आज जे आले ते आज वाचायचे.

०

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले, त्या गोष्टीकडे येते. ती सांगताना हात जरा अडखळतो.

बाबा गेल्यावर आई करकंबलाच धाकट्यापाशी राहिली. विजेच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करण्याचे त्याचे दुकान. भावजय स्वभावाने गरीब. २०१४ सालच्या मे महिन्यात आईने अंथरूण धरले. त्याच आठवड्यात पुण्याला माझ्या यजमानांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले. धाकट्याचा फोन आला तो एकदम शेवटच्या दिवशी. मी पोचले तेव्हा आईला घेऊन जायची तयारी झाली होती. अंगणात तीस-चाळीस माणसे उभी होती. शेजारपाजारचे, सोलापूरहून आलेले आमचे नातलग, पाळकसाहेब.

त्या सगळ्यांदेखत मी माझ्या सख्ख्या भावाला म्हटले, "आईला औषधाविना मारलंस. घर पाहिजे होतं ना तुला? घे आता!"

तो काही बोलला नाही. आज आठवते, की १९६२ साली वर्गात उभे राहिलेले ते पोरही असेच काही बोलले नव्हते.

तीन महिन्यांनी एका आतेबहिणीकडून खरी हकीकत कळली. आईनेच त्याच्याकडून शपथ घेतली होती. "तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन नीट पार पडू दे. तोवर तिला कळवशील तर माझी आण आहे," असे तिचे शब्द. औषधपाण्यासाठी तर त्याने दुकानातली नवी यंत्रे विकली होती. हे सगळे मला कळले. नीट कळले. आणि तरीही मी गेले नाही. मी मनाशी म्हणे, शपथ असली म्हणून काय झाले, त्याने फोन करायला हवा होता. चूक माझी एकटीची नाही. आधी त्याने बोलावे, मग मी बोलेन.

तो बोलला नाही. पण दर वर्षी नाताळाच्या आधी करकंबहून ज्वारीचे एक पोते येई. आमच्या शेताच्या तुकड्यातली ज्वारी. कुणा ओळखीच्याच्या टेंपोतून येई आणि दाराशी उतरे. तिच्या भाकरी आम्ही वर्षभर खात असू. मी पोचही कळवीत नसे. आणि रोज रात्री तेविसावे स्तोत्र वाचून शांत झोपी जात असे. दहा वर्षे हे असे चालले. मधल्या काळात यजमानही गेले. त्यांच्या वेळी धाकटा आला, मागच्या रांगेत उभा राहिला आणि न जेवता परत गेला.

०

पुढे माझ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बजावले, की निदान आठवडाभर वाचायचे नाही. माझी अकरा वर्षांची नात म्हणाली, "आजी, मी वाचून दाखवते." ती इंग्रजी शाळेतली. मराठी अक्षरे लावीत लावीत वाचणारी. मी म्हटले, "तेविसावं स्तोत्र काढ." ती म्हणाली, "असं मधूनच का? पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात." शेवटी नव्या कराराच्या पहिल्या पानावर आमची तडजोड झाली. रोज एक अध्याय.

मत्तयाचा पहिला अध्याय म्हणजे वंशावळ. अब्राहामापासून येशू ख्रिस्तापर्यंत चौदा चौदा पिढ्यांचे तीन गट. त्या नावांशी झगडून पोर घामाघूम झाली. "आजी, ही काय हजेरी आहे का?" मला बाबांची आठवण येऊन हसू आले. पुष्कळ वर्षांनी मला न निवडलेले पान ऐकायला मिळत होते.

पाचव्या संध्याकाळी पाचवा अध्याय लागला. डोंगरावरचे प्रवचन. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकलेला. त्यात येशू सांगतो, की तू आपले अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाचे तुझ्याविषयी काही गाऱ्हाणे आहे अशी तुला तिथे आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. नात हे वाचता वाचता थांबली. माझ्या डोळ्यांवर हिरवी पट्टी, तेव्हा तिचा चेहरा दिसत नव्हता. तिचा आवाज तेवढा आला.

"आजी, इथं चूक छापलीय का?"

"कसली चूक?"

"आपला राग असेल तर आपण जाऊन मिटवायचं ना? इथं तर उलट आहे. भावाचा राग असेल तर म्हणतात."

"चूक नाही. पुढं वाच."

ती पुढे वाचेना. थोड्या वेळाने म्हणाली, "ज्वारी पाठवतात ते मामाआजोबा तुझ्यावर रागावलेत का?"

बाबा म्हणाले होते तसे झाले. त्या दिवशी माझे नाव निघाले.

त्या वाक्यातला नेमका शब्द मी इतकी वर्षे ऐकूनही ऐकला नव्हता. मी दहा वर्षे माझ्या मनातले गाऱ्हाणे तपासत बसले होते. त्याने फोन केला नाही, त्याने आधी बोलावे, वगैरे. शास्त्र मला ते विचारीतच नव्हते. ते विचारीत होते, त्याच्या मनात तुझ्याविषयी काय आहे? त्याला तू काय दिलेस? आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मला कुठल्या पंडिताची गरज नव्हती. ते चाळीस माणसांनी ऐकलेले होते.

आणखी एक गोष्ट त्या रात्री मनात आली. ती बाबांनीच पूर्वी कधीतरी आबांना सांगितलेली. हे प्रवचन झाले गालील प्रांतात. आणि अर्पणाची वेदी होती ती यरुशलेमच्या मंदिरात. मधले अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पायी तीन-चार दिवसांची वाट. म्हणजे ऐकणारे शेतकरी-कोळी काय समजले असतील? इतके चालून मंदिरात पोचलास, तरी अर्पण तिथेच ठेव, घरी परत जा, भावाशी समेट कर आणि पुन्हा ती वाट तुडवीत ये. आबा ते ऐकून गप्प झाले होते. मग म्हणाले होते, "म्हंजे पंढरीच्या महाद्वारात उभं राहून, पांडुरंगाला 'जरा थांब' म्हणून पैठणला माघारी जायाचं! मास्तर, तुमचा देव लई कडक हाय." बाबा म्हणाले, "कडक नाही, आबा. त्याला घाई नाही, इतकंच. आपला भाऊ येईपर्यंत तो थांबायला तयार आहे."

०

पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून मी गाडीत बसले. मुलीने पुष्कळ विरोध केला. फोनवर बोल, म्हणाली. पण बोलले होते मी समोर उभी राहून. मागे घ्यायचे तेही समोरच घ्यायला हवे होते.

पुणे-सोलापूर मार्गावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथलेच. बाबा या स्टेशनावर नेहमी टोपी काढीत. रमाबाईंनी आयुष्याची शेवटली वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून साऱ्या शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावे, अशी भाषा त्यांना हवी होती. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा काम पुरे होत आलेले होते. ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली. ज्या शास्त्राचे आपण दोन अध्याय वाचायला कंटाळतो, त्याचा शब्द न् शब्द एका बाईने नेमाने लिहून काढला, हे मनात येऊन मला माझी लाज वाटली.

आणि गाडीतच आठवले ते रेव्हरंड टिळक. त्यांनाही शास्त्र मिळाले ते आगगाडीतच. १८९३ साली प्रवासात भेटलेल्या एका परक्या गृहस्थाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. वाचता वाचता ते ज्या ठिकाणी अडकले, ते ठिकाण म्हणजे हेच डोंगरावरचे प्रवचन. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या या कवीने पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ताटातुटीचा काळ लक्ष्मीबाईंनी काढला तो आमच्या पंढरपुरात. लहानपणी बाजाराला गेलो, की बाबा ते आवर्जून सांगत. तुटलेले ते घर पुढे पुन्हा सांधले गेले आणि ते कसे सांधले गेले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या मराठी माणसाला सांगायला नको. त्या दोघांमध्ये धर्म आला होता, समाज आला होता, सारे गणगोत आले होते. आणि माझ्या नि धाकट्याच्या मध्ये काय आले होते? माझेच एक वाक्य.

कुर्डुवाडीला उतरून एस.टी. धरली. आमच्या लहानपणी इथून बार्शी लाइटची छोटी गाडी डुलत डुलत पंढरपूरला जाई. आता तो मार्ग रुंद झाला आहे. ज्वारीच्या कोरडवाहू रानांत ऊस आणि द्राक्षे उभी आहेत. उजनीच्या पाण्याने मुलूख ओळखू येईनासा झाला आहे. पण आमची गल्ली ओळखू आली. आबांच्या ओट्यावर त्यांचा नातू बसला होता. मधली ती हातभर उंचीची भिंत अजून तेवढीच आहे.

धाकटा ओट्यावर मोटार उघडून बसला होता. केस पांढरे झालेले, चष्मा नाकावर घसरलेला. मी पायरीशी उभी राहिले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये विसरून गेले. एवढेच म्हणाले, "मी त्या दिवशी खोटं बोलले. मला नंतर कळलं होतं. कळूनही आले नाही."

त्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाला, "अक्का, आधी चपला काढून वर तर ये."

मला वाटले होते, की तो रडेल, किंवा मी रडेन. तसे काही झाले नाही. भावजयीने करकंबची बाजार आमटी केली, झणझणीत, भाकरी कुस्करून खायची. जेवताना तो मान खाली घालून म्हणाला, "विसरलो म्हणालो, तर ते खोटं होईल. दहा वर्षं रोज आठवत होतं. पण तू आलीस, हे आता त्याच्या शेजारी राहील." याहून प्रामाणिक क्षमा मला कुणी केली असती, असे वाटत नाही.

दिवेलागणीला त्याने बाबांचे शास्त्र काढले. पुठ्ठ्याला आता निळी चिकटपट्टी लावलेली. मी विचारले, "आज काय निघालं?"

"नहेम्या, तिसरा अध्याय. नावांची यादी आहे नुसती," तो जरा ओशाळून म्हणाला. "तू आलीयस, दुसरं काही वाचू का?"

"नको. जे आलंय तेच वाच."

त्याने वाचले. यरुशलेमचा पडलेला तट लोकांनी पुन्हा कसा बांधला, त्याची ती यादी. कुणी कुठला दरवाजा बसवला, कुणी कुठला बुरूज. आणि मधून मधून येत होते, की अमक्याने आपल्या घरासमोरचा तुकडा बांधला, तमक्याने आपल्या घरासमोरचा. एवढा मोठा तट उभा राहिला, त्यात कित्येकांनी आपल्या दारासमोरचा भाग तेवढा उचलला होता. धाकटा वाचता वाचता थांबला आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो.

०

वाचकहो, रोज शास्त्र वाचून माणूस संत होतो, असे मी म्हणणार नाही. मी दहा वर्षे वाचीतच होते! आणि नेमाने वाचले म्हणजे रोज काहीतरी सापडते, असेही नाही. बहुतेक दिवस काहीच घडत नाही. अध्याय येतो आणि जातो. पण ज्या दिवशी तुमचे नाव निघायचे असते, त्या दिवशी तुम्ही कंदिलाजवळ बसलेले असावे लागते, एवढाच नेमाचा उपयोग.

ज्या घरांत असा नेम धरायची इच्छा असेल, त्यांच्यासाठी बाबांच्या चार गोष्टी सांगते. ग्रंथ तुमच्या श्रद्धेचा जो असेल तो, गोष्टी लागू पडाव्यात. वाचन थोडे ठेवावे, पण क्रमाने ठेवावे. एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नये, जिथे थांबलो तिथून पुढे जावे. घरातल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे, कारण मुलांना कुठले वाक्य गिळायचे ते माहीत नसते. आणि वाचलेल्यातले काही करण्याजोगे निघाले, तर ते त्याच दिवशी करावे. बाबांनी शास्त्र मिटून टोपी घातली होती, तशी.

माझ्या विश्वासाची गोष्ट मी अशी समजते. मी निवडलेल्या पानांतला देव माझ्यासारखाच होता. माझी बाजू घेणारा आणि मला लवकर झोपवणारा. न निवडलेल्या पानांतून जो भेटला, तो मला उठवून करकंबला घेऊन गेला. तेविसावे स्तोत्र मी अजूनही वाचते. पण आता ते त्याच्या पाळीने येते, बाविसाव्यानंतर आणि चोविसाव्याच्या आधी.

राहता राहिला तो पाचवा हिस्सा. भावाला जे बोलले ते चाळीस माणसांदेखत बोलले होते. क्षमा मागितली ती मात्र ओट्याच्या पायरीशी, एकट्यापाशी. त्या चाळिसांतली कितीतरी माणसे आज नाहीत. त्यांना कुठे शोधू? म्हणून हा लेख. धाकट्याला विचारूनच लिहिला आहे. "लिही," म्हणाला, "पण ज्वारीचं मात्र लिहू नकोस."

त्याचे तेवढे ऐकले नाही.